गव्हाणी आणि किल्ला : घरातल्या नाताळाचा इतिहास



डिसेंबरचा तिसरा आठवडा लागला की आमच्या छत्रीबागेतल्या जुन्या मराठी घरांत एक प्रश्न हटकून निघतो. शाळेतून आलेले नातवंड विचारते, "आपल्या घरी ख्रिसमस का नाही करत?" आजोबा वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणतात, "आपले सण काय थोडे आहेत?" आणि सूनबाई दोघांच्या मध्ये सापडते. कुठे शेवटी प्लास्टिकचे झाड येते, दोन दिवस दिवे लुकलुकतात आणि झाड माळ्यावर जाते. कुठे झाड येत नाही आणि मूल रुसून बसते. दोन्ही घरांत एक गोष्ट मात्र सारखीच : हा सण कशाचा, तो लहान मुलांचा केव्हा झाला आणि मराठी माणसाचा त्याच्याशी संबंध किती जुना, हे त्या मुलाला कोणी सांगत नाही.

ते सांगण्याचा हा प्रयत्न आहे. मी व्यवसायाने होमिओपॅथीचा डॉक्टर आणि धर्माने जैन. तेव्हा हा सण माझा नाही. पण पस्तीसहून अधिक वर्षे याच वस्तीत लहान मुलांना तपासत आलो आहे, आणि कोणत्याही सणाचा मुलांवर झालेला परिणाम दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याच दवाखान्याच्या बाकावर येऊन बसतो. म्हणून इतिहास वाचतानाही माझे लक्ष राजेरजवाड्यांपेक्षा घरातल्या मुलाकडे अधिक जाते. माझे म्हणणे थोडक्यात असे. घरातला, मुलांचा, निवांत नाताळ ही फार पुरातन रूढी नाही. ती मुख्यतः गेल्या दोनशे वर्षांत घडलेली गोष्ट आहे. आपल्याकडे तिला जो आकार आला, त्यात मराठी घरांचा वाटा मोठा आहे. आणि त्यात मनाला भावते ते बहुधा मुलाच्या हाताला जमणारेच आहे.

प्रथम शब्द पाहू. इंदुरात या दिवसाला तीन नावे आहेत. रस्त्यावरच्या हिंदीत तो 'बडा दिन', इंग्रजी शाळेत 'ख्रिसमस' आणि मराठी घरात 'नाताळ'. आमच्या पिढीला नाताळ भेटला तो सुट्टी म्हणून. सहामाही परीक्षा होऊन गेलेली, गच्चीवर ऊन, हातात गजक आणि तोंडी 'नाताळची सुट्टी'. त्या शब्दाचा अर्थ आम्ही कधी विचारला नाही. तो पोर्तुगीज 'नाताल' या शब्दावरून आला आणि त्याचे मूळ लॅटिन, अर्थ 'जन्माचा'. १४९७ च्या डिसेंबरात वास्को द गामाची गलबते आफ्रिकेच्या दक्षिण किनाऱ्याजवळून येत होती. नाताळचे दिवस म्हणून त्या किनाऱ्याला त्याने 'नाताल' नाव दिले. पुढच्या वर्षी तो कालिकतला पोचला, आणि मागाहून तोच शब्द गोवा-वसईमार्गे मराठीत आला. गंमत अशी की लॅटिनमधला हा जन्मवाचक धातू आणि संस्कृतातला 'जन्' हे भाषाशास्त्राच्या हिशेबाने एकाच कुळातले. 'नाताळ' आणि 'जन्माष्टमी' ही शब्दांची चुलत भावंडे आहेत. तेव्हा आजोबांनी नातवाला एवढे जरी सांगितले की नाताळ म्हणजे जन्माचा दिवस, एका बाळाच्या जन्माचा, तरी अर्धे काम झाले.

या बाळाच्या जन्माची कथा मराठीत किती जुनी? साहित्य सभेच्या वाचकांना फादर थॉमस स्टीफन्स हे नाव नवे नाही. हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१९ मध्ये तिथेच वारला. साष्टी भागातल्या नवख्रिस्ती लोकांच्या हातून त्यांची जुनी पुराणे गेली होती; ऐकायला, गायला काही उरले नव्हते. त्यांच्यासाठी त्याने 'ख्रिस्तपुराण' रचले. जवळजवळ ११,००० ओव्या, भाषा मराठी. १६१६ मध्ये ते रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्मापूर्वी बेथलेहेमच्या बाळाचा जन्म मराठी ओवीत सांगून झाला होता. त्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांनी ग्रंथ जगवला आणि १९०७ मध्ये मंगळूरला तो पुन्हा छापला गेला. मला यात महत्त्वाचे वाटते ते छंदाचे. जात्यावर बसलेली आई जो छंद गुणगुणते, मांडीवरचे मूल ज्या लयीत डोलते, त्याच छंदात ही कथा आली. पुराणाची जागा पुराणानेच भरावी लागते, हे त्या परदेशी माणसाला नेमके कळले होते.

आता गव्हाणीकडे येऊ. मराठी बायबलातला हा शब्द मला फार आवडतो. गुरांना वैरण घालायची जागा म्हणजे गव्हाण. बाळाला ठेवायला दुसरी जागा नव्हती म्हणून त्याला गव्हाणीत निजवले. गुरे बांधलेला गोठा, वैरण, आई, बाप आणि बाळ. खेड्याशी नाते असलेल्या मराठी मुलाला या चित्रातले काहीही समजावून सांगावे लागत नाही. पण हे चित्र देखावा म्हणून मांडण्याची कल्पना रुजली ती असिसीच्या संत फ्रान्सिसमुळे. १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो या डोंगराळ गावी त्याने नाताळच्या रात्री खरी गव्हाण, खरे गवत, खरा बैल आणि खरे गाढव आणून लोकांसमोर तो प्रसंग उभा केला. लोकांना न समजणाऱ्या लॅटिन प्रार्थनेपेक्षा डोळ्यांना दिसणारा गोठा त्याला जवळचा वाटला. इंदूरकरांसाठी यात एक घरचा दुवा आहे. आपण ज्याला रेड चर्च म्हणतो, ते कॅथेड्रल याच फ्रान्सिसच्या नावाचे आहे. अनंत चतुर्दशीला रात्रभर जागून गिरण्यांच्या झाँक्या पाहणाऱ्या इंदुरी माणसाला गव्हाणीचा देखावा परका वाटू नये. ही झाँकी आठशे वर्षांची आहे एवढेच.

गोव्यात हा गोठा अंगणात किंवा घराच्या कोपऱ्यात मुले मांडतात. माती आणायची, डोंगर रचायचा, वर गवताचे छप्पर घालायचे. आणि हिरवळ हवी म्हणून काही दिवस आधी नाचणी किंवा गहू पेरून ठेवायचे, म्हणजे सणापर्यंत कोवळी पाती वर येतात. हे वाचताना तुम्हाला काय आठवले? मला दिवाळीचा किल्ला आठवला. आपल्या वाड्यांमधून मुले तेच करतात. विटा, माती, जुने पोते, वर हळीव किंवा मोहरी पेरलेली, शिखरावर महाराज आणि उतारावर मावळे. एखादा मावळा मोडला तर त्याच्या जागी प्लास्टिकची गायही चालते. पाश्चात्त्य झाडाची मुळे आपल्या मातीत शोधत बसण्याचे कारण नाही. पण गव्हाणी आणि किल्ला ही दोन्ही मुलांची मातीकामे आहेत, आणि दोन्हींमध्ये मोठ्या माणसांनी शक्य तितके लांब बसायचे असते.

इथे एक शंका येईल. नाताळ जर एवढा जुना, तर तो आधीपासूनच मुलांचा सण असणार. तसे नाही. शुभवर्तमानांत जन्माची तारीख दिलेली नाही. २५ डिसेंबर हा दिवस रोममध्ये पाळला जात असल्याची नोंद इसवी सन ३३६ ची आहे. पुढे युरोपात शतकानुशतके नाताळ हा देवळातल्या प्रार्थनेचा आणि बाहेर मोठ्या माणसांच्या खाण्यापिण्याचा, दंग्याचा सण होता. तो इतका सैल झाला की सुधारकांना त्याचा वीट आला. इंग्लंडच्या पार्लमेंटने १६४७ मध्ये नाताळ बंद केला. १६६० मध्ये राजा परत आला तेव्हा सणही परत आला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ मध्ये नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठरला. तो कायदा १६८१ मध्ये गेला, पण मनातला विटाळ पुढे दीडशे वर्षे राहिला. त्याच मॅसॅच्युसेट्सने नाताळला सार्वजनिक सुट्टी दिली ती १८५६ मध्ये. स्कॉटलंडात तर ही सुट्टी १९५८ पर्यंत नव्हती.

मग एकोणिसाव्या शतकात हा सण रस्त्यावरून घरात आला. १८२३ मध्ये अमेरिकेत क्लेमंट मूर यांची म्हणून ओळखली जाणारी एक बालकविता छापली गेली आणि भेटी घेऊन रात्री येणारा संत निकोलस मुलांच्या झोपेत शिरला. १८४३ मध्ये डिकन्सची 'अ ख्रिसमस कॅरल' निघाली आणि त्याच वर्षी लंडनमध्ये छापील नाताळपत्रही निघाले. १८४८ मध्ये एका इंग्रजी साप्ताहिकात राणी व्हिक्टोरिया, तिचे जर्मन यजमान आल्बर्ट आणि त्यांची मुले सजवलेल्या झाडाभोवती उभी असल्याचे चित्र आले. जर्मन घरांतले झाड त्या चित्राने इंग्रजी बैठकीच्या खोलीत नेले. पन्नासेक वर्षांत मद्याचा सण मुलांचा झाला.

त्याच शतकात आपल्याकडे उलटा प्रवास चालला होता. घराघरांतल्या देव्हाऱ्यातला गणपती १८९३ च्या सुमारास पुण्यात मंडपात आला, रस्त्यावर आला. नाताळ बाहेरून आत गेला, गणपती आतून बाहेर आला. दोन्ही बदलांना आपापली कारणे होती आणि दोन्हींनी समाजाला काही दिले. पण तुम्हीच आठवून पाहा. लहान मुलाला कोणता गणपती आपला वाटतो? लाउडस्पीकरखालचा, की ज्याच्या आरतीत त्याच्या हातात झांज दिलेली असते तो?

आता आपल्याकडच्या प्रॉटेस्टंट घरांचा इतिहास पाहिला तर एक मजेशीर गोष्ट दिसते. मराठी मुलखात ज्यांनी शाळा काढल्या, छापखाने घातले, १८४२ मध्ये नगरला 'ज्ञानोदय' सुरू केले, ते अमेरिकन मराठी मिशनचे लोक. ते १८१३ मध्ये मुंबईला आणि १८३१ मध्ये अहमदनगरला आले. आणि आले ते न्यू इंग्लंडातून, म्हणजे जिथे नाताळकडे पाठ फिरवलेली होती त्याच परंपरेतून. इंदुरात १८७७ मध्ये कॅनडाचे प्रेस्बिटेरियन मिशन आले. १८८७ पासूनचे आपले ख्रिश्चन कॉलेज त्याच मिशनचे. त्यांची पाळेमुळे स्कॉटिश चर्चमध्ये, आणि त्या चर्चचीही नाताळकडे पाहण्याची दृष्टी तशीच कोरडी होती. म्हणजे नगर काय किंवा इंदूर काय, इथल्या पहिल्या ख्रिस्ती घरांना घरगुती नाताळाचा भरगच्च वारसा तयार मिळाला असे म्हणता येत नाही. माझे अनुमान असे की ती मोकळी जागा मराठी बायकांनी आपल्या परीने भरली. सण म्हटला की काय लागते हे त्यांना ठाऊक होते : घर सारवायचे, करंज्या-लाडू करायचे, दारात कंदील लावायचा, नव्या कपड्यांत मुले नटवायची, शेजारी फराळ पोचवायचा. दिवाळीची ही सारी तयारी महिन्या-दीड महिन्याने पुन्हा कामाला आली. कंदिलाची चांदणी झाली एवढाच फरक.

या घडणीला शब्द दिले ते रेव्हरंड ना. वा. टिळकांनी. १८६१ चा त्यांचा जन्म. १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढची अनेक वर्षे नगरला काढली. ख्रिस्ताची उपासना मराठी माणसाने मराठी रीतीने करावी, हा त्यांचा आग्रह. भजन, अभंग, कीर्तन त्यांनी चर्चमध्ये नेले. मराठी चर्चमध्ये आजही त्यांची पदे गायिली जातात. पण आपण शाळेत त्यांना ओळखले ते फुलामुलांचे कवी म्हणून. हा योगायोग मला वाटत नाही. ज्या माणसाला मूल दिसते त्यालाच गव्हाणीतले बाळ बाळ म्हणून दिसणार. टिळकांच्या घरात पोटच्या मुलांबरोबर दुसऱ्यांची मुलेही वाढली, आणि तो संसार ओढला लक्ष्मीबाईंनी. १९३४ पासून भागाभागाने आलेली 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत, त्यांना त्या घरातली चणचण आणि त्या घरातले हसणे दोन्ही माहीत आहेत. टिळकांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले. ते पुढे नेले ते लक्ष्मीबाईंनी, लग्नाआधी अक्षरओळखही नसलेल्या बाईने. स्टीफन्सच्या ओवीनंतर तीनशे वर्षांनी ख्रिस्तकथेला मराठी बाईचा हात लागला.

किनाऱ्यावरच्या कॅथलिक घरांत परंपरा वेगळी आणि जुनी. वसई १५३४ पासून पोर्तुगीजांकडे होती. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. सत्ता गेली, पण लोक तिथेच राहिले, शेती-वाडी करीत राहिले आणि आपली सामवेदी-कादोडी बोली बोलत राहिले. त्यांच्यातलेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो, 'सुबोध बायबल'चे कर्ते, २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. गोव्यात नाताळला 'कोन्सुआद' पाठवण्याची रीत आहे : नेवऱ्या, दोदोल, बेबिंका असे पदार्थ ताटात मांडायचे, वर विणलेला रुमाल घालायचा आणि शेजारी पाठवायचे. शेजारी हिंदू असला तरी पाठवायचे. चतुर्थीला आणि दिवाळीला तिकडून ताट येते. त्यातल्या नेवऱ्या म्हणजे आपल्या करंज्या. गणपतीच्या नैवेद्याला जी करंजी, तीच नाताळच्या ताटात. ताट घेऊन जायचे काम बहुतेक वेळा मुलांकडे असते, आणि वाटेत एखादी नेवरी कमी होते हे दोन्ही घरांना ठाऊक असते.

आता लाल अंगरख्याच्या म्हाताऱ्याबद्दल. आपल्या नातवंडांच्या लेखी नाताळ म्हणजे तोच. मूळ माणूस खरा : चौथ्या शतकात आशिया मायनरमधल्या मायरा गावचा बिशप निकोलस, आज ते ठिकाण तुर्कस्तानात आहे. त्याच्या दानशूरपणाच्या कथा पसरल्या, डच लोकांनी त्याला 'सिंटरक्लास' म्हटले, अमेरिकेत त्याचा सांताक्लॉज झाला. १८६३ पासून थॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराने त्याला पोट आणि दाढी दिली, आणि १९३१ पासून कोका-कोलाच्या जाहिरातींनी तो जगभर नेला. त्याच्यावर माझा राग नाही. फक्त एक लक्षात घ्या. गुपचूप देणाऱ्या माणसाची ही कथा होती. देणारा कोण हे घेणाऱ्याला कळू नये, हा तिचा गाभा. दुकानदाराने ती उलटी केली. आता मूल यादी करते आणि बाप बिल भरतो. आमच्याकडे गुप्तदानाचे महत्त्व लहानपणापासून सांगतात, त्यामुळे निकोलसची मूळ कथा मला जाहिरातीतल्या सांतापेक्षा ओळखीची वाटते.

ओळखीचे आणखी एक आहे : पाळणा. चैत्र शुद्ध त्रयोदशीला, महावीर जन्मकल्याणकाला, आम्ही मंदिरात पाळणा बांधतो. लहान मूर्ती त्यात ठेवतात आणि रांगेतली मुले एकेक करून दोरी ओढतात. त्रिशलामातेला पडलेली स्वप्ने आम्ही दिगंबर सोळा मोजतो, श्वेतांबर चौदा; दोरी ओढणाऱ्या मुलाला या फरकाशी कर्तव्य नसते. रामनवमीला दुपारी बारा वाजता आणि गोकुळाष्टमीला मध्यरात्री तुमच्या घरी हेच होते. देव मोठा होऊन काय काय करणार आहे हे सगळ्यांना ठाऊक असते, तरी त्या दिवशी तो पाळण्यातला असतो आणि आवाज खाली आणून बोलायचे असते. १८१८ च्या नाताळच्या आदल्या रात्री ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावी योसेफ मोर आणि फ्रान्झ ग्रुबर या दोघांनी गिटारच्या साथीवर एक साधे गाणे म्हटले. 'सायलेंट नाइट' म्हणून ते आज सगळ्या जगात गातात. ऐकून पाहा, ती अंगाई आहे. जगातल्या एवढ्या मोठ्या सणाचे सर्वांत प्रसिद्ध गाणे बाळाला निजवण्याचे आहे, हे मला फार बोलके वाटते.

म्हणून दवाखान्यातला अनुभव इथे सांगतो. सणाच्या दुसऱ्या दिवशी जी मुले माझ्याकडे येतात, त्यातली पुष्कळशी आजारी नसतात, थकलेली असतात. रात्री बारापर्यंत जागलेली, वेळी-अवेळी गोड खाल्लेली, दहा पाहुण्यांच्या मांडीवर फिरवलेली, पाच भेटी एकदम उघडून पाचांवरही न खेळलेली. दिवाळीनंतर येतात, वाढदिवसानंतर येतात आणि अलीकडे २६ डिसेंबरलाही येतात. आईला वाटते औषध द्यावे. मी पाणी, वरणभात आणि दुपारची झोप सांगतो. बाळाच्या जन्माचा सण आणि बाळालाच विश्रांती नाही, हे कोणत्याच धर्माने सांगितलेले नाही.

माझ्याकडे येणारे एक मराठी ख्रिस्ती कुटुंब आहे, मूळचे नगरकडचे, इंदुरात तिसरी पिढी. त्यांच्या घरातल्या आजींनी नातवंडे लहान होती तेव्हा नाताळचा एक क्रम लावून दिला होता. गव्हाणी मुलांनीच करायची, वाकडी झाली तरी मोठ्यांनी हात लावायचा नाही. आदल्या रात्री एकच गाणे, दिवे मंद करून, आणि झोप. सकाळी चर्च. प्रत्येकाला एकच भेट, ती दुपारी जेवणानंतर उघडायची. जेवण साधे, कारण ज्या घरात सगळ्या बायका दिवसभर ओट्याशी असतात तिथे मुलांशी खेळायला कोण उरणार? दुपारी सगळ्यांनी आडवे व्हायचे. संध्याकाळी मुलांनी ताटे पोचवायची. आमच्याकडे येणाऱ्या ताटात अंडे नसलेला रव्याचा केक असतो, कुकरमध्ये वाळू घालून भाजलेला, आणि तो सूर्यास्तापूर्वी येतो. आमच्या रात्री न जेवण्याच्या नियमाची आठवण त्या घराला मी कधी करून दिलेली नाही; तिथल्या मुलांनाही घड्याळ पाहायची सवय झाली होती.

आता पहिल्या प्रश्नाकडे. आपल्या घरी नाताळ करावा का? 'आपले सण काय थोडे आहेत' म्हणणाऱ्या आजोबांची भीती मी खोटी म्हणणार नाही. होळकरांच्या मागे मालव्यात येऊन स्थिरावलेल्या घरांनी भाषा आणि सण जपले म्हणूनच ती मराठी राहिली. जे मूल घरी किल्ला करीत नाही पण प्लास्टिकचे झाड मागते, त्याचे काही हरवत आहे हे खरे. पण ते झाडाने हिरावलेले नाही. किल्ल्यासाठी माती आणून देणारे कोणी उरले नाही म्हणून ते गेले. किल्ला, पाळणा, करंजी ज्या घरात जागी आहेत, त्या घराला गव्हाणीचे भय वाटण्याचे कारण नाही.

दुसरी बाजूही तेवढीच खरी. ज्यांच्यासाठी हा श्रद्धेचा दिवस आहे, त्यांच्या सणातले फक्त दिवे उचलून आणायचे आणि बाळाचे नावही घ्यायचे नाही, हे पाहुण्याचे वागणे नव्हे. कोणी कोणाच्या सणाला जावे यावरून अलीकडे जे कडवट बोलले जाते, ते लहान मुलांच्या कानांवरही पडते. म्हणून घरात नाताळ आणायचाच असेल तर तो पाहुण्याच्या रीतीने आणावा. हा कोणाचा जन्मदिवस, हे मुलाला सांगावे. त्याच्या हाताला काम द्यावे, माती किंवा कागदाची चांदणी. चर्चमधली गव्हाणी त्याला गर्दी वाढण्याआधी, दुपारच्या उन्हात दाखवून आणावी. रात्री वेळेवर निजवावे. आणि आपल्या ओळखीत ज्या घराचा हा सण असेल, तिथे जाऊन शुभेच्छा द्याव्यात.

जाताना हात रिकामे नसावेत, हे वेगळे सांगायला नको. शेजारून आलेले ताट कधी रिकामे परत करायचे नसते, निदान चिमूटभर साखर तरी त्यात घालायची, ही आपल्याकडची जुनी रीत. चारशे वर्षांपूर्वी मराठी ओवीत वाढलेले ते ताट आपल्या दारात केव्हाचे आले आहे. यंदा ते परत द्यायला मुलांनाच पाठवा. वाटेत एखादी करंजी कमी झाली तर मोजू नका.